पाठीवर पडणारा प्रकाश

खिडकीत ठेवलेले रोप उजेडाकडे झुकते, हे कुणाला सांगावे लागत नाही. त्याचे कारणही शाळेच्या पुस्तकात असते. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक सावलीच्या बाजूला जास्त जमते, ती बाजू जास्त वाढते आणि रोप उजेडाच्या बाजूला वळते. वनस्पती उजेडावर जगते, तेव्हा तिने उजेडाकडे वळावे यात कुणाला नवल वाटत नाही. पण बुरशीही उजेडाकडे वळते, आणि तिथे हे स्पष्टीकरण लंगडे पडते. बुरशीत हरितद्रव्य नाही, सूर्यप्रकाशापासून अन्नाचा कणही तिला बनवता येत नाही. कुजणारी पाने, लाकूड, शेण, शिळी भाकरी यांवर ती पोसते आणि तिच्या शरीराचा बहुतेक भाग अंधारातच पसरलेला असतो. म्हणून बुरशीचे वाकणे ही रोपाच्या वाकण्याचीच छोटी नक्कल आहे, असे समजणे मला चुकीचे वाटते. बाहेरून दोन्ही गोष्टी सारख्या दिसतात, पण त्यांचा उपयोग वेगळा आहे आणि आतली यंत्रणा तर जवळजवळ उलटी आहे. या उलटेपणाचा पुरावा विसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने गोळा होत गेला. तो सावकाश तपासून पाहण्यासारखा आहे, कारण त्यातली प्रत्येक पायरी एखाद्या रास्त शंकेला दिलेले उत्तर आहे.

आधी उपयोगाचे पाहू. अन्न शोधणाऱ्या कवकतंतूंना अंधार आणि ओल पुरते. उजेडाची गरज पडते ती पुढच्या पिढीच्या वेळी. बीजाणू वाऱ्यावर किंवा प्राण्यांबरोबर दूर जायचे, तर ते मोकळ्या हवेत उघडे पडले पाहिजेत. शेणाच्या पोवात किंवा पालापाचोळ्याच्या थरात अडकलेल्या बुरशीला मोकळी हवा कुठे आहे हे कसे कळावे? ‘वर’ कुठे आहे हे गुरुत्वाकर्षण सांगते, पण वर दगड असू शकतो, लाकडाचा ओंडका असू शकतो. उजेड मात्र जिथून येतो तिथे वाट मोकळीच असते. बुरशीसाठी प्रकाश ही बातमी आहे, आणि ती बातमी वाचायला त्याचा अगदी थोडा अंशही पुरतो.

याचे सर्वांत नेमके उदाहरण शेणावरच उगवते. गाय, घोडा अशा चरणाऱ्या जनावरांच्या ताज्या शेणावर किंवा लिदीवर काही दिवसांत काचेसारखे पारदर्शक, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर उंचीचे दांडे उभे राहतात. प्रत्येक दांड्याच्या टोकाला रसाने टचटचीत भरलेला फुगा असतो, आणि फुग्यावर टोपीसारखी काळी बीजाणूधानी. ही पायलोबोलस नावाची बुरशी. तिची अडचण अशी, की जनावरे शेणाच्या लगतचे गवत खात नाहीत, आणि तिच्या बीजाणूंना तर जनावराच्या पोटातून जाऊनच पुढच्या शेणात पोचायचे असते. म्हणून फुग्यातला दाब वाढत जातो आणि शेवटी फुगा फुटून बीजाणूधानी दोन-दोन मीटरवर फेकली जाते, गवताच्या पात्याला चिकटते आणि चाऱ्याबरोबर पोटात जाते. ही फेक कोणत्याही दिशेला झाली तर शेजारच्या शेणावरच आपटण्याचा धोका. त्यामुळे फेकण्याआधी दांडा उजेडाकडे नेम धरतो. असे शेण अंधाऱ्या पेटीत ठेवून एका बाजूला काचेची लहानशी खिडकी ठेवली, तर काही काळाने काळ्या ठिपक्यांची दाटी त्या काचेवर झालेली दिसते. आर्थर बुलर या कवकशास्त्रज्ञाने हा नेम कसा धरला जातो याचा बारकाईने अभ्यास केला. त्याच्या मते फुगा भिंगाचे काम करतो. फुग्याच्या तळाशी नारिंगी रंगाचे कडे असते. प्रकाश सरळ समोरून आला तर तो या कड्यावर सगळीकडे सारखा पडतो. तिरका आला तर भिंगातून एकवटून उजेडाच्या विरुद्ध बाजूला पडतो, फुग्याखालच्या दांड्याची ती बाजू जास्त वाढते आणि दांडा वळत वळत प्रकाश पुन्हा समतोल होईपर्यंत सरकतो. उजेड पडतो एका बाजूने आणि त्याचा परिणाम दिसतो दुसऱ्या बाजूला, ही गोष्ट इथे लक्षात ठेवायची.

पायलोबोलसचे प्रयोग मोहक असले तरी त्यातला फुगा हा खास अवयव आहे. हे तत्त्व कोणत्याही साध्या पेशीला लागू पडते का, हे तपासायला अधिक साधा जीव हवा होता. तो मिळाला फायकोमायसिस ब्लेकस्लीअनस या बुरशीत. तिचा बीजाणूदंड म्हणजे एकच पेशी. जाडी मिलिमीटरचा दहावा भाग, उंची मात्र दहा सेंटिमीटर आणि त्याहूनही जास्त. टोकाला जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा गोळा, त्यात लाखभर बीजाणू. वाढ होते ती फक्त या गोळ्याखालच्या दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्यात, आणि तिचा वेग ताशी सुमारे तीन मिलिमीटर असतो, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्याला ती अक्षरशः डोळ्यांदेखत वाढताना दिसते. या दांड्यात पेशींचे थर नाहीत, एका पेशीकडून दुसरीकडे संप्रेरक वाहून नेण्याची सोय नाही. त्यामुळे रोपांसाठी दिलेले ऑक्झिनचे स्पष्टीकरण इथे सुरुवातीलाच बाद होते. तरीही हा दांडा एका बाजूने आलेल्या निळ्या प्रकाशाकडे काही मिनिटांत वाकू लागतो.

१९१४ मध्ये ब्लाउ या डच शास्त्रज्ञाने या बुरशीची एक साधी चाचणी घेतली. दांड्याला एका बाजूने नव्हे, सगळ्या बाजूंनी सारखा प्रकाश दिला. दांडा वाकण्याचा प्रश्नच नव्हता, पण दोन-तीन मिनिटांनी त्याच्या वाढीचा वेग वाढला, आणि थोड्या वेळाने, प्रकाश तसाच चालू असतानाही, पूर्ववत झाला. म्हणजे या बुरशीत प्रकाश वाढीला चालना देतो. अनेक रोपांत तो वाढ रोखतो, म्हणून उजेडाची बाजू मागे पडून रोप उजेडाकडे वळते, हे सरळ आहे. बुरशीत प्रकाशाने वाढ होत असेल, तर उजेडाची बाजू जास्त वाढायला हवी आणि दांडा उजेडापासून लांब, अंधाराकडे वाकायला हवा. प्रत्यक्षात तो उजेडाकडे वाकतो. निरीक्षण आणि तर्क यांची इथे गाठच पडत नाही. मला वाटते, या विषयातला सर्वांत मोलाचा क्षण हाच आहे, कारण ‘बुरशीला उजेड आवडतो’ असे म्हणून सोडून दिले असते तर ही विसंगती कुणाच्या लक्षातही आली नसती.

तिची उकल दांड्याच्या आकारात होती. पाण्याने भरलेला काचेचा पेला उन्हात ठेवला की त्याच्या पलीकडच्या बाजूला एक प्रखर उजळ रेघ उमटते. फायकोमायसिसचा दांडा हाही पारदर्शक, रसाने भरलेला दंडगोल आहे, आणि हवेपेक्षा त्याचा अपवर्तनांक जास्त आहे. एका बाजूने आलेले किरण त्यात शिरताना आत वळतात आणि पलीकडच्या भिंतीवर एका अरुंद पट्ट्यात एकवटतात. म्हणजे दांड्याच्या ज्या बाजूला आपण सावलीची बाजू म्हणू, तीच त्याची सर्वांत उजळलेली बाजू असते. प्रकाशाने तिथली वाढ जास्त होते आणि दांडा उजेडाकडे झुकतो. रोपात सावलीची बाजू वाढते ती सावलीमुळे. बुरशीतही सावलीची बाजूच वाढते, पण ती प्रकाशामुळे.

हे नुसते सुंदर सुचणे होते, की खरोखर असेच घडते? योहानेस बुडर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१८ मध्ये याची परीक्षा घेतली. त्याने दांडे पॅराफिन तेलात बुडवले. तेलाचा अपवर्तनांक दांड्यातल्या रसापेक्षा जास्त असतो. त्यामुळे दांडा किरण एकवटण्याऐवजी पसरवू लागतो आणि पलीकडच्या भिंतीवर प्रकाश विरळ होतो. भिंगाची कल्पना खरी असेल तर आता दांडा उजेडापासून दूर वाकला पाहिजे. आणि तो दूर वाकला. ज्या जीवाला उजेड ‘हवा’ असतो, तो तेलात बुडवल्यावर अंधार का मागेल? बुरशी आपल्याच शरीराच्या दोन बाजूंची तुलना करते आणि त्या तुलनेत तिच्या शरीराचा काचेसारखा गुण आपोआप मिसळलेला असतो, असे मानले तरच या निकालाचा अर्थ लागतो.

इथे पहिली शंका येते ती तेलाबद्दल. तेलात बुडवल्याने हवा तुटली असेल, भिंतीवर काही परिणाम झाला असेल, बुरशी बिघडून उलटी वागली असेल. शंका योग्य आहे. तिला दोन उत्तरे आहेत. एक, पुढच्या काळात वॉल्टर श्रॉपशर यांनी भिंगाच्या परिणामाचे मोजमाप करताना वेगवेगळ्या अपवर्तनांकांचे द्रव वापरले, आणि वाकणे त्या अंकाबरोबर बदलत गेले. तेल विषारी असते तर इतकी शिस्तबद्ध साखळी दिसली नसती. दुसरे उत्तर अतिनील प्रकाशातून मिळते, आणि त्यासाठी दांडा कशातही बुडवावा लागत नाही. अगदी आखूड लहरींचा अतिनील प्रकाश एका बाजूने सोडला तर दांडा उघड्या हवेतही त्याच्यापासून दूर वाकतो. कारण दांड्यातल्या रसात गॅलिक आम्ल भरपूर असते आणि ते हा प्रकाश शोषून घेते. पलीकडच्या भिंतीपर्यंत तो पोचतच नाही, म्हणून जवळची बाजूच जास्त उजळते, जास्त वाढते आणि दांडा पाठ फिरवतो. नियम एकच: जी बाजू जास्त उजळते ती जास्त वाढते. निळ्या प्रकाशात ती बाजू पलीकडची असते आणि आखूड अतिनीलात अलीकडची. अपवादासारखे दिसणारे उदाहरण नियमाचाच पुरावा ठरते, असे विज्ञानात नेहमी घडत नाही.

दुसरी शंका जास्त खोल आहे आणि तिने अनेक वर्षे पुरून उरेल इतके काम दिले. भिंग प्रकाश निर्माण करत नाही, फक्त हलवते. जेवढा प्रकाश अलीकडच्या भिंतीतून आत शिरतो तेवढाच, किंबहुना थोडा कमीच, पलीकडच्या भिंतीतून बाहेर पडतो. अलीकडे तो पसरलेला असतो, पलीकडे अरुंद पट्ट्यात एकवटलेला, पण बेरीज केली तर दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच. मग पलीकडची बाजू जास्त का वाढावी? त्यात भर ब्लाउच्याच निरीक्षणाची: प्रकाश स्थिर राहिला की काही मिनिटांत दांड्याला त्याची सवय होते आणि वाढ पूर्ववत होते. मग एका बाजूने स्थिर प्रकाश असताना वाकणे तासन्‌तास चालूच कसे राहते? सवय दोन्ही बाजूंना व्हायला हवी आणि वाकणे थांबायला हवे. भिंगाचा सिद्धान्त मानणाऱ्याला या दोन प्रश्नांपासून पळ काढता येत नाही.

उत्तर दांड्याच्या वाढण्याच्या पद्धतीत सापडले. फायकोमायसिसचा पिकलेला दांडा सरळ उंच होत नाही, तो वाढता वाढता स्वतःभोवती सावकाश पीळ घेत जातो. त्यामुळे भिंतीवरचा कोणताही एक बिंदू कायम उजळ पट्ट्यात राहत नाही. फिरत फिरत तो मंद भागातून त्या पट्ट्यात शिरतो, तिथे त्याला अचानक प्रकाश वाढल्याची जाणीव होते, वाढीला चालना मिळते, आणि सवय होण्याआधी तो पट्ट्यातून बाहेर पडतो आणि त्याच्या जागी दुसरा, ताजा बिंदू येतो. सवय होण्याची प्रक्रिया प्रत्येक बिंदूत चालू असते, पण उजळ पट्ट्यात मात्र सतत नवे, सवय न झालेले बिंदू येत राहतात. एकवटलेल्या प्रकाशाचा फायदा नेमका इथे होतो: पसरट प्रकाशात बदल हळूहळू येतो, अरुंद पट्ट्यात तो एकदम येतो. डेव्हिड डेनिसन आणि केनेथ फॉस्टर यांनी १९७७ मध्ये या फिरण्याचा आणि वाकण्याचा संबंध सविस्तर मांडला. याला जुळणारी एक बारीक खूणही आहे. दांडा उजेडाकडे वाकताना थेट त्या रेषेत वाकत नाही, किंचित बाजूला चुकतो. चालना मिळालेला बिंदू वाढायला लागेपर्यंत पिळामुळे थोडा पुढे सरकलेला असतो, हे लक्षात घेतले की ही चूकही हिशेबात बसते. सिद्धान्त खरा असल्याचे मला सर्वांत जास्त पटते ते अशा ठिकाणी, जिथे तो जीवाच्या यशाबरोबर त्याची चूकही समजावून देतो.

प्रकाशाची दिशा कशी ठरते हे कळले तरी प्रकाश टिपतो कोण, हा प्रश्न उरतोच. या प्रश्नाकडे एक अनपेक्षित माणूस वळला. जीवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंच्या अभ्यासासाठी ज्यांना १९६९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते मॅक्स डेलब्रुक १९५० च्या दशकातच फायकोमायसिसकडे आले होते. मूळचे भौतिकशास्त्रज्ञ असलेल्या डेलब्रुक यांना संवेदना ही गोष्ट शक्य तितक्या साध्या रूपात पकडायची होती. एका पेशीच्या या दांड्यात त्यांना ती दिसली. या दांड्याची संवेदनशीलता थक्क करणारी आहे. अतिशय मंद, ताऱ्यांच्या उजेडाच्या तोडीच्या प्रकाशापासून दिवसाच्या प्रखर प्रकाशापर्यंत, म्हणजे सुमारे दहा अब्जपटींच्या टप्प्यात तो दिशा ओळखतो. मंद टोकाची मोजणी करायची युक्तीही नामी आहे. दांडा गुरुत्वाकर्षणाच्या उलट, वर जाऊ पाहतो. प्रकाश आडवा सोडला की दोन्ही ओढींमध्ये तोल साधून तो एका ठरावीक कोनात स्थिरावतो. प्रकाश जितका मंद तितका दांडा उभा. कोन मोजला की बुरशीला किती दिसते ते कळते.

प्रकाश टिपणारे रंगद्रव्य कोणते, यावर दोन पक्ष होते. फायकोमायसिसमध्ये पिवळे बीटा-कॅरोटीन भरपूर असते आणि ते निळा प्रकाश शोषते, म्हणून एका पक्षाला तेच उत्तर वाटे. दुसरा पक्ष फ्लेव्हिन या रंगद्रव्याच्या बाजूचा होता. कोणत्या लहरींना बुरशी किती प्रतिसाद देते हे १९६० मध्ये डेलब्रुक आणि श्रॉपशर यांनी मोजले, पण दोन्ही रंगद्रव्यांचे आलेख निळ्या भागात इतके जवळ येतात की तेवढ्याने वाद मिटला नाही. मिटवला तो उत्परिवर्ती बुरश्यांनी. कॅरोटीन बनवूच न शकणाऱ्या फिकट बुरश्याही उजेडाकडे नेहमीसारख्याच वाकतात. म्हणजे कॅरोटीन कितीही डोळ्यांत भरले तरी डोळ्याचे काम ते करत नाही. याउलट काही उत्परिवर्ती बुरश्या दिसायला सर्वसाधारण होत्या, पण मंद उजेडात त्यांना दिशा कळत नव्हती. डेलब्रुक यांच्या नावावरून या जनुकांना ‘मॅड’ म्हटले गेले. त्यांपैकी मॅड-ए हे जनुक नेमके काय आहे हे कळायला २००६ साल उजाडले. न्यूरोस्पोरा या नारिंगी बुरशीत निळा प्रकाश टिपणारे ‘व्हाइट कॉलर’ नावाचे प्रथिन आधीच सापडले होते. मॅड-ए त्याचेच नातेवाईक निघाले, आणि २००९ मध्ये मॅड-बी हे त्याच्या जोडीदाराचे. प्रकाश पकडण्याचा त्यातला भाग फ्लेव्हिन धरून ठेवतो, आणि तसाच भाग वनस्पतींच्या उजेडाकडे वळण्याला जबाबदार असणाऱ्या फोटोट्रॉपिन या प्रथिनांतही आहे.

या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून कुणी म्हणेल, की मग बुरशी आणि वनस्पती यांची गोष्ट शेवटी एकच झाली. मला तसे वाटत नाही. प्रकाश टिपणारा तुकडा दोघांत समान आहे, पण त्याला जोडलेले पुढचे यंत्र वेगळे आहे. फोटोट्रॉपिन हे पेशीच्या पटलाजवळ राहून इतर प्रथिनांवर रासायनिक खूण करणारे विकर आहे, तर व्हाइट कॉलर केंद्रकात जनुके चालू करते. इथे एक अडचण अजून जिवंत आहे. जनुक चालू होऊन त्यापासून प्रथिन तयार व्हायला वेळ लागतो, आणि फायकोमायसिसचा दांडा दोन-तीन मिनिटांत प्रतिसाद देऊ लागतो. शिवाय मॅड-ए बिघडलेल्या बुरश्या प्रखर प्रकाशात वाकतातच. म्हणजे जनुकांवाटे जाणाऱ्या वाटेशिवाय आणखी एखादी जवळची वाट असली पाहिजे, असा संशय घ्यायला जागा आहे. ती सापडली तरी दांड्याच्या भिंगाचा आणि पिळाचा हिशेब बदलणार नाही, कारण तो कोणत्या रेणूने प्रकाश टिपला यावर अवलंबून नाही.

हे सारे एका पेशीच्या दांड्याबद्दल झाले. अळिंबीचा देठ असंख्य कवकतंतूंच्या जुडग्याने बनलेला आणि अपारदर्शक असतो, तेव्हा तिथे भिंगाची युक्ती चालणार नाही. तरीही उजेड ही बातमी तिलाही लागते. महाराष्ट्रात धिंगरी अळिंबी घेणाऱ्यांना हे रोजच्या कामातून माहीत असते. काडाच्या पिशव्यांत बुरशी पसरेपर्यंत खोली अंधारी ठेवली तरी चालते, पण पांढरी जाळी पुरती पसरल्यावर उजेड आणि मोकळी हवा द्यावी लागते. उजेड कमी पडला आणि हवा कोंडली तर देठ लांबच लांब होतात आणि टोप्या बारीक राहतात, माल विकायला लायक राहत नाही. बुरशीच्या बाजूने पाहिले तर हे वागणे बरोबरच आहे. मोकळी जागा अजून आलेली नाही असे तिला कळते, म्हणून ती देठ लांबवत राहते. शेणावर उगवणाऱ्या कोप्रिनॉप्सिस सिनेरिया या छत्रीतही अंधारात असेच लांब, टोपी न उमललेले देठ येतात. २००५ मध्ये त्यामागचे एक जनुक सापडले, तेही व्हाइट कॉलरच्याच कुळातले. पण या छत्र्यांमध्ये उजेडाची सत्ता मर्यादित काळच चालते. कोवळा देठ उजेडाच्या दिशेने झुकतो, आणि टोपी उमलायची वेळ आली की तो उजेड सोडून गुरुत्वाकर्षणाचे ऐकू लागतो आणि स्वतःला उभा करतो. टोपीच्या खालच्या पडद्या ओळंब्यात लोंबायला हव्यात, कारण बीजाणू पडदीवरून किंचित बाहेर उडून दोन पडद्यांमधल्या अरुंद फटीतून खाली पडतात, आणि पडद्या तिरक्या असतील तर ते वाटेतच समोरच्या पडदीला चिकटतात.